एकाच चित्राच्या इतक्या अस्सल प्रती कशा?

सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचं एक छोटं चित्र ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. तेच चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही आहे. खासगी संग्राहकांकडच्या प्रती अधूनमधून लिलावात येतात, त्या वेगळ्याच. यातलं कुणीही नक्कल बाळगून बसलेलं नाही, सगळ्या प्रती अस्सल. आणि तरीही जगभरातल्या या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. काहींवर सही आहे, काहींवर नाही. काहींत खिडकीबाहेर नुसता कोरा कागद, तर काहींत तिथे निसर्गदृश्य.

'मोनालिसा' एकच असते, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की हा प्रकार ऐकून पहिल्यांदा संशयच येतो. मग मूळ चित्र कुठलं? तर भिंतीवर टांगता येईल असं 'मूळ' इथे नसतंच. कलावंताने हाताने काम केलं ते तांब्याच्या पत्र्यावर. आपण बघतो तो त्या पत्र्यावरून कागदावर उमटलेला छापा. हे नीट समजून घ्यायचं तर हेच चित्र सोयीचं, कारण त्यात खुद्द कलावंतच कामाला बसलेला दिसतो.

चित्र १६४८ सालचं. उंची १६ सेंटिमीटर, रुंदी १३ सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा जेमतेम मोठं. रेम्ब्रांट खिडकीशी टेबल घेऊन बसलाय. डोक्यावर साधी हॅट, अंगात कामाचा डगला, हातात बारीक टोकाचं हत्यार. मान वर उचलून तो थेट आपल्याकडे बघतोय, म्हणजे खरं तर समोरच्या आरशाकडे. चेहऱ्याचा एक भाग उजेडात, दुसरा सावलीत. समोर आहे तो कागद की तांब्याचा पत्रा, यावर जाणकारांचं एकमत नाही, म्हणून कुठे हे चित्र 'खिडकीशी रेखाटन करताना' म्हणून नोंदलेलं सापडतं, तर कुठे 'एचिंग करताना', म्हणजे आम्लाने खोदायच्या पत्र्यावर काढताना, म्हणून.

याच्या नऊ वर्षं आधी, १६३९ मध्ये, त्याने स्वतःचं असंच एक एचिंग केलं होतं. त्यात तो दगडी कठड्यावर हात टेकून, भारी कपडे घालून, मागल्या शतकातल्या उमरावासारखा ऐटीत उभा आहे. त्याच वर्षी त्याने ॲम्स्टरडॅमच्या ब्रेस्त्रात या रस्त्यावर १३,००० गिल्डरांचं (तेव्हाचं डच नाणं) घर घेतलं होतं. पुढे १६४२ मध्ये बायको सास्किया गेली. घराची सगळी रक्कम काही फिटली नाही आणि १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. त्यामुळे १६४८ च्या गंभीर चेहऱ्यात दुःख वाचायची एक पद्धत पडून गेली आहे. मला ती पटत नाही. आरशात बघून स्वतःला रेखाटणारा कुठलाही माणूस असाच दिसतो: डोळे रोखलेले, ओठ मिटलेले. बदललंय ते एवढंच की आधी त्याला मोठा माणूस म्हणून मिरवायचं होतं आणि इथे तो काम करणारा माणूस म्हणून बसलाय.

आता काम कसं चालायचं ते बघू. एचिंगला मराठीत आम्लरेखन म्हणतात, आणि नावातच निम्मी कृती येऊन जाते. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. तो गरम करून त्यावर मेण आणि राळेचं पातळ अस्तर चढवायचं. अस्तर गार झालं की बोथट सुईने त्यावर चित्र काढायचं. सुईला तांबं कोरायचं नसतं, फक्त अस्तर खरवडून तांबं उघडं करायचं असतं. मग पत्रा आम्लात ठेवायचा. जिथे अस्तर आहे तिथे आम्लाचं काही चालत नाही. जिथे रेघ ओढली आहे तिथलं उघडं तांबं ते खातं आणि रेघेची चर होते. जितका वेळ जास्त, तितकी चर खोल आणि छाप्यात रेघ तितकी काळी. एखादी रेघ फिकीच ठेवायची असेल तर पत्रा बाहेर काढून त्या भागावर पुन्हा अस्तराचा हात फिरवायचा आणि बाकीचा पत्रा परत आम्लात सोडायचा.

त्या काळी आम्ल म्हणजे नेहमी जहाल तेजाबच असे असं नाही. फ्रेंच कारागीर अब्राहम बॉस याने १६४५ मध्ये या विद्येवर एक पुस्तकच काढलं. त्यातल्या एका कृतीत व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि जंगाल (तांब्याचा हिरवा गंज) एवढेच जिन्नस आहेत. खुद्द रेम्ब्रांटच्या नावावर अस्तराची एक कृती १६६० मध्ये लंडनच्या एका पुस्तकात छापली गेली. मेण, मॅस्टिकची राळ आणि डांबरासारखा एक पदार्थ यांचा अगदी पातळ थर द्यायचा आणि त्यावर एक पांढरा थर. या पांढऱ्या थराचा फायदा लगेच ध्यानात येतो. सुई फिरली की पांढऱ्यावर तांब्याची लालसर रेघ उमटते, त्यामुळे कागदावर लाल खडूने चित्र काढल्यासारखं डोळ्यांना दिसत राहतं.

इथे एक फरक समजला की पुढचं सोपं जातं. तांब्यावर चित्र करायची जुनी रीत थेट कोरण्याची. अणकुचीदार पोलादी कोरणी तळव्याच्या जोराने पुढे रेटायची आणि धातू उचलत जायचं. हे सोनारकामातून आलेलं कसब. त्यात रेघ शिस्तीची येते, पण हात मोकळा फिरत नाही. एचिंगमध्ये जोर आम्ल लावतं, हाताला फक्त चित्र काढायचं असतं. मनात आलं की वळता येतं, थांबता येतं, गिचमिड करता येते. रेम्ब्रांटसारख्या भराभर रेखाटणाऱ्या माणसाला ही रीत का मानवली, ते यातच आलं. त्याने आयुष्यात सुमारे ३०० एचिंग केली.

पत्रा तयार झाला की छपाई. लाकडी ठशाच्या छपाईत उंचावलेल्या भागाला शाई लागते. इथे नेमकं उलटं. काजळी आणि जवसाच्या तेलाची दाट शाई सगळ्या पत्र्यावर चोपडायची आणि मग पुसून काढायची. नुकती टाकी लावलेल्या पाट्यावरून वाटण काढून घेतलं तरी खाचांतलं थोडं अडकून राहतं, तशी शाई चरांत बसून राहते. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचे जाड थर, आणि हे सगळं दोन रुळांमधून दाबून काढायचं. दाब इतका की ओला कागद चरांत शिरून शाई उचलतो. म्हणून चांगल्या छाप्यात रेघ कागदावर किंचित उठलेली असते आणि पत्र्याच्या कडांचा चौकोनी ठसाही कागदात दबलेला दिसतो.

प्रत्येक छाप्याला हे शाई लावणं आणि पुसणं नव्याने करावं लागतं. पुसणाऱ्याने पत्रा लख्ख केला की चित्र कोरडं, स्पष्ट येतं. पातळशी शाई मुद्दाम राखली की तेच चित्र संध्याकाळचं वाटतं. रेम्ब्रांट हा खेळ पुरेपूर खेळला. तेव्हा दोन प्रतींमधला पहिला फरक हा असा, पत्र्यावर एकही नवी रेघ न ओढता आलेला.

दुसरा फरक येतो ड्रायपॉइंटमुळे. यात ना अस्तर ना आम्ल. टोकदार सुईने थेट तांब्यावर ओरखडा काढायचा. ओरखड्याच्या कडेला तांब्याची बारीक, खरखरीत कोर उभी राहते. मशीनशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात आणि तिथे ती घासून टाकतात. छपाईवाला मात्र तिला जपतो, कारण त्या बरमध्ये शाई अडकते आणि छाप्यात रेघेभोवती मखमली काळोख पसरतो. खिडकीशी बसलेल्या या चित्रात रेम्ब्रांटने एचिंगसोबत ड्रायपॉइंट आणि कोरणीही वापरली आहे. डगल्याच्या आणि खोलीच्या अंधारात ते जाणवतं.

अडचण अशी की बर फार नाजूक. रुळाखालून पत्रा दर वेळी गेला की ती थोडी दबते, पुसताना थोडी झिजते. काही डझन छाप्यांतच मखमल संपते. आम्लाने खाल्लेल्या रेघा त्यामानाने चिवट, त्या शेकडो छापे सोसतात. म्हणून सुरुवातीचा छापा आणि पुढचा छापा एकाच पत्र्याचे असूनही पहिल्यात अंधाराला खोली असते आणि पुढच्यात नुसत्या करड्या रेघा उरतात. संग्राहक 'छापा लवकरचा आहे का' असं विचारतात तेव्हा त्यांना हेच विचारायचं असतं.

तिसरा फरक सगळ्यात मोठा. कलावंत पत्र्यावर पुन्हा काम करतो. एक-दोन छापे काढून बघितले, वाटलं सावली कमी पडली, की पत्र्यावर आणखी रेघा. खोडायचंही जमतं: तासणीने तांबं खरवडायचं, घोटणीने घोटायचं, खड्डा पडला तर मागून हलक्या हातोडीने उचलायचा. पत्र्यात असा बदल झाला की त्यानंतरचे छापे पुढच्या 'अवस्थे'चे मानतात. अभ्यासकांच्या याद्यांत प्रत्येक चित्राच्या अवस्थांना क्रमांक असतात.

१६४८ च्या या चित्राच्या पहिल्या अवस्थेत सही नाही. नंतर खिडकीच्या वरच्या भागात नाव आणि साल आलं. हळूहळू अंगावरच्या आणि मागच्या सावल्या दाट झाल्या. उशिराच्या अवस्थांत खिडकीबाहेर निसर्गदृश्य आलं. सगळ्या अवस्था ओळीने लावल्या की माणूस आधी काय पक्कं करत होता आणि कशावर पुन्हा पुन्हा येत होता, ते बाहेर येतं. तैलचित्रात हे बघायला क्ष-किरण लागतात, कारण नवा रंग जुन्याला झाकतो. इथे मात्र प्रत्येक टप्प्याचे छापे कागदावर शिल्लक राहतात.

याबद्दल एक जुनी कुचाळकी आहे. अर्नोल्ड हाउब्राकेन या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच चित्रकारांची चरित्रं लिहिली. तो म्हणतो, रेम्ब्रांटच्या छाप्यांतली मुकुटाची जुनो (रोमन देवी) आणि बिनमुकुटाची जुनो, गोऱ्या चेहऱ्याचा बायबलमधला जोसेफ आणि सावळ्या चेहऱ्याचा जोसेफ, असे दोन्ही नमुने जवळ नसले तर तो कसला रसिक, अशी तेव्हाची हवा होती. रेम्ब्रांट बारीकसारीक बदल करून तेच चित्र पुन्हा विकायचा, असा त्याचा रोख. यात तथ्य नसेलच असं नाही. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाने रसिकांच्या हौशीचा फायदा घेतला तर नवल ते काय? पण सगळंच त्यात बसत नाही. 'तीन क्रूस' या १६५३ च्या चित्राचा पत्रा त्याने पुढे असा काही बदलला की अर्धी माणसं अंधारात गडप झाली आणि घोड्यावरचे स्वार नव्याने आले. मूळ चित्र गिऱ्हाइकांना आवडलेलं असताना ते असं मोडण्यात धंदा कमी आणि जोखीम जास्त.

दुसऱ्याच्या पत्र्यालाही त्याने हात घातला होता. हर्क्युलिस सेगर्स हा त्याच्या आधीच्या पिढीतला अफाट प्रयोगी कलावंत. बायबलच्या कथेतल्या टोबायस आणि देवदूताचा त्याचा पत्रा रेम्ब्रांटकडे आला. त्याने दोन्ही आकृत्या खरवडून तिथे मेरी, जोसेफ आणि बाळ येशूची इजिप्तकडची वाट काढली आणि बाकीचं निसर्गदृश्य बरंचसं तसंच ठेवलं. झाडीत निरखून बघितलं तर देवदूताच्या पंखाच्या रेषा अजून सापडतात. मला तर त्या चित्रात तेच आधी दिसतं.

आता आरशाची भानगड. पत्र्यावरचं चित्र छाप्यात उलटं येतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. अक्षरं तर पत्र्यावर मुळातच उलटी काढावी लागतात. नाना फडणविसांच्या प्रेरणेने सुरू झालेलं आणि १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाने तडीस गेलेलं भगवद्गीतेच्या छपाईचं काम आठवा. तिथे तांब्याच्या पत्र्यावर अख्खी गीता उलट्या नागरीत कोरावी लागली होती.

स्वतःचं चित्र काढताना मात्र ही उलटापालट कामी येते. उजव्या हाताने काम करणारा चित्रकार आरशात बघून जसंच्या तसं रंगवायला गेला तर तैलचित्रात तो डावखुरा दिसतो. एचिंगमध्ये आरसा एकदा उलटं करतो आणि छपाई ते पुन्हा उलटं करते, दोन्ही मिळून सुलट. म्हणून खिडकीशी बसलेल्या रेम्ब्रांटच्या उजव्या हातातच हत्यार आहे. आरशात त्याला न दिसलेला, पण समोर बसलेल्या माणसाला दिसला असता असा रेम्ब्रांट आपल्याला दिसतो.

हे गणित त्याने नेहमी सांभाळलं असं नाही. दोन वर्षांनी, १६५० मध्ये, त्याने एका शंखाचं एचिंग केलं, पांढऱ्या ठिपक्यांचा, हिंदी आणि प्रशांत महासागरात सापडणारा कोन जातीचा शंख. सही त्याने आठवणीने पत्र्यावर उलटी केली, त्यामुळे ती छाप्यात सुलट आली. शंख मात्र समोर जसा होता तसाच काढला, त्यामुळे छाप्यात त्याचा वेढा उलटा झाला. आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून जो उलट वेढ्याचा शंख देवघरात मिरवतात, तो निसर्गात क्वचितच सापडतो. रेम्ब्रांटने तसला एक छापखान्यात पैदा केला. चुकून की बेफिकिरीने, ते तोच जाणे!

कागदाचीही एक गोष्ट सांगायला हवी. १६४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून रेम्ब्रांट युरोपातल्या चिंध्यांच्या कागदासोबत जपानी कागदही वापरू लागला. हा कागद आणायची डच ईस्ट इंडिया कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती तीच. पिवळसर, गुळगुळीत, मऊ कागद. त्यावर ड्रायपॉइंटची बर सौम्य उमटते आणि पांढरा उजेड मधाळ होतो. म्हणजे पत्रा तोच, शाई तीच, फक्त कागद बदलला तरी खोलीतली हवा बदलते. पुढे १६५६ ते १६६१ च्या सुमारास त्याने मुघल लघुचित्रं समोर ठेवून वीसेक रेखाटनं केली, तीही जपानी कागदावर. त्यातल्या झाडाखाली बसलेल्या चार मौलवींची बैठक त्याच्या १६५६ च्या एका बायबलमधल्या एचिंगमध्ये सरळ दिसते. अब्राहम देवदूतांचा पाहुणचार करतोय, पाहुणे जमिनीवर बसलेले.

रेम्ब्रांट १६६९ मध्ये वारला, पण पत्रे राहिले. ते हातोहात विकले गेले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचा व्यापारी बासाँ याने त्यावरून छापे काढून संच विकले, आणि नंतरही छपाई होत राहिली. आज ८० च्या आसपास पत्रे जगात शिल्लक आहेत. आता हे उशिराचे छापे खरे की खोटे? पत्रा रेम्ब्रांटचाच, म्हणून बनावट म्हणता येत नाही. पण तांबं झिजलेलं, कुठे कुठे दुसऱ्याने रेघा पुन्हा खोल केलेल्या, आणि शाई पुसणारा हात त्याचा नव्हे. याहून वेगळी जात म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमांद-द्यूरां या फ्रेंच छापकाराने फोटोच्या साह्याने नवे पत्रे बनवून काढलेल्या प्रती. त्या इतक्या हुबेहूब आहेत की भलेभले फसतात. त्यात मात्र रेम्ब्रांटचं तांबं अजिबात नाही.

छापा कधीचा, हे ठरवायला कागद मदतीला येतो. युरोपातला कागद जाळीच्या साच्यात बनायचा आणि साच्यात तारेने वळवलेली खूण असायची, कुठे विदूषकाची टोपी, कुठे ॲम्स्टरडॅम शहराचं चिन्ह. कागद उजेडासमोर धरला की ही जलचिन्हं दिसतात. साचे लवकर झिजायचे आणि बदलायचे, त्यामुळे जलचिन्ह जुळलं की कागदाची आणि पर्यायाने छाप्याची साधारण वर्षं हाती लागतात.

हे सगळं बघायला ॲम्स्टरडॅमला जायलाच हवं असं नाही. गेलात तर रेम्ब्रांटचं ते घर आज संग्रहालय आहे आणि तिथे पत्र्यावरून छापा काढून दाखवतात. पण राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हे चित्र फुकटात हवं तितकं मोठं करून बघता येतं. आधी डगल्याच्या बाहीवर जा. लांबून एकसंध काळी वाटणारी बाही जवळून चार-पाच दिशांच्या रेघांची दाट जाळी निघते, आणि मधूनमधून एखादा कागदाचा पांढरा ठिपका सुटलेला असतो. मग खिडकीकडे या. सुरुवातीच्या अवस्थांत तिथे एकही रेघ नाही. एचिंगमध्ये पांढरी शाई नसते, जे पांढरं ते फक्त न छापलेला कागद. खोलीतला सगळा उजेड, त्याच्या गालावरचा, हातावरचा, टेबलावरचा, त्या कोऱ्या कागदातून आत येतो. निसर्गदृश्य भरलेल्या अवस्था मी बऱ्याच वेळा बघितल्या आहेत. ते दृश्य खुद्द त्यानेच घातलं का, अशीही शंका काही जाणकार घेतात. ज्याने घातलं त्याने घातलं, पण रेघा आल्या की खिडकीतला उजेड मंदावतो आणि माणसावरची नजर बाहेर निसटते. मला विचाराल तर बिनसहीचा, कोऱ्या खिडकीचा पहिला छापाच सरस.